कापडाचं पुस्तक: टाके जमले, लोकर जमली, पुस्तक मात्र मिटेना

सुईदोरा (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

गेले अडीच महिने हाताने एक कापडाचं पुस्तक करतेय. पानं तयार आहेत, शिवूनही झालीत, पण पुस्तक मिटत नाही. कण्याकडे जेमतेम अर्धा इंच आणि मोकळ्या बाजूला चांगलं तीन इंच, असं आ वासून बसलंय. त्यासाठीच हा धागा. पण पुस्तक कोणासाठी आहे हे कळल्याशिवाय तुम्हाला उपाय सुचवता येणार नाही, म्हणून आधी ते सांगते.

आमच्या शेजारच्या अक्का. पूर्व भागात आमची दोन्ही घरं भिंतीला भिंत लागून आहेत. अक्कांनी उभी हयात चादरीच्या कारखान्यात कांड्या भरल्या, म्हणजे मागासाठी लाकडी नळ्यांवर सूत गुंडाळलं. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच मांडीवर मोठी झाली. काचबिंदूने आता त्यांची नजर जवळजवळ गेलीय. उजेड-अंधार कळतो, दारात कोणी उभं राहिलं तर सावली कळते, बस्स. हात मात्र गप्प बसत नाहीत. चादरीच्या दशा, पदराची कड, उशीचा अभ्रा, जे हाताला लागेल ते चाचपत असतात. एकदा माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत धरून म्हणाल्या, "हे सूत न्हाई गं. उन्हाचं हे काय घालतेस?" त्या दिवशी मनात आलं की यांना वाचायला काहीतरी करायचं. हाताने वाचायचं.

पानं आठ इंच चौरस. जुन्या सोलापुरी चादरीचे तुकडे हा पाया. कडा काजटाक्याने बांधल्यात. काही पानांची नुसती नावं सांगते, एकाबद्दल मात्र सविस्तर सांगावंसं वाटतं.

एक पान कांडीचं आहे: खिसा, त्यात खरी लाकडी कांडी, तिच्यावर सूत. काढायची, फिरवायची, परत ठेवायची. एक इरकलीच्या काठाचं. एक भाकरीचं, लोकरीची गोल भाकरी, मधोमध थोडी फुगलेली. एक माळढोकाचं, कारण नान्नजच्या माळावर अक्का लहानपणी शेंगा वेचायला जात, १९७९ साली तिथे अभयारण्य झालं त्याच्याही कितीतरी आधी.

आणि एक पान गड्ड्याच्या जत्रेचं. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, ते उंच काठ्यांसारखे दाट भरतकामात उठवलेत, बोट खालून वर नेलं की काठी कळते. शेजारी पांढऱ्या मांजरपाटाची टीचभर बाराबंदी, खरे बारा बंद असलेली. सहा जोड्या. काठी धरणाऱ्यांच्या अंगात असते तशीच. अक्कांना ते बंद सोडता-बांधता यावेत म्हणून प्रत्येक बंद चार बोटं लांब ठेवलाय. हे पान करायला मला नऊ दिवस लागले आणि माझं सगळ्यात आवडतं पान हेच.

तर, लोकर आणि भरतकामामुळे पानं जाड झालीत. आठ जोडपानं मधोमध दुमडून मशीनवर एकच टीप मारली. तिथेच चुकलं असं वाटतंय. काय करू?

---

जुजबंदी

ताई, आधी पुस्तकाबद्दल: बाराबंदीचं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं.

आता दुरुस्ती. मी पस्तीस वर्षं बांधणीच्या धंद्यात आहे. तुमचा दोष टिपेत नाही, कण्यात आहे. ज्या पुस्तकात काही चिकटवायचं असतं, फोटोंचा अल्बम म्हणा किंवा कात्रणवही, त्यात आम्ही दोन पानांमध्ये कण्याजवळ अरुंद पट्ट्या घालतो. पानावरचं काम जेवढं जाड, तेवढीच पट्टी जाड. मग कणा आणि मोकळी कड एका उंचीला येतात.

तुमची टीप उसवा. जोडपानं वेगळी करा. प्रत्येक दोन जोडपानांमध्ये पाऊण इंच रुंदीची, दोन-तीन पदरी दुमडलेली चादरीचीच पट्टी ठेवा. मग जुजबंदी शिवण घाला, म्हणजे प्रत्येक घडीच्या मधून दोरा आत-बाहेर काढत पुढच्या घडीला जोडत जायचं. दोऱ्याला मधमाश्यांचं मेण चोळून घ्या, नाहीतर जाड कापडात तो पिंजतो. कण्यावर गोंद अजिबात नको. कापडात गोंद मुरला की कडक होतो आणि पुढे तिथेच कापड तुटतं.

---

चिमणीचाखोपा

फारच सुंदर! मी बालवाडीत शिकवते, मुलांसाठी असंच करायचं डोक्यात आहे. लोकरीचं काम कसं केलंत ते सविस्तर सांगाल का? बाजारात फेल्टच्या (न विणता दाबून केलेल्या कापडाच्या) रंगीत शीट मिळतात, त्या चालतील का?

---

सुईदोरा

जुजबंदीदादा, उसवायला घेते. धन्यवाद.

चिमणीताई, त्या शीट बहुतेक ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरच्या असतात. मुलांसाठी मी त्याच घ्या म्हणेन. कापता येतात, कडा उसवत नाहीत, धुता येतात. मी त्या नाही घेतल्या, कारण अक्कांच्या बोटांना लगेच कळलं असतं.

खरी लोकर एकमेकींत अडकते कारण तिच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. कोमट पाणी, साबण आणि चोळणं, या तिन्हींनी खवले उघडतात आणि तंतू एकमेकांत गुंततात. सुटणं मग नाही. सुताला हे खवले नाहीत, म्हणून सूत कितीही चोळलं तरी लादी होत नाही.

भाकरी मी ओल्या पद्धतीने केली. लोकरीचे चार पातळ थर, एक उभा, एक आडवा असे. त्यावर साबणाचं कोमट पाणी, वर फुग्यांचं प्लास्टिक. आधी नुसतं तळहाताने हलकं दाबायचं, तंतू धरू लागले की चोळायचं. मग चटईच्या तुकड्यात गुंडाळून लाटायचं, चारही दिशांनी. बारा इंचांचं मांडलं आणि आठ इंचांचं हातात आलं, एवढं ते आवळतं. आधीच हिशेब करून मोठं मांडा.

माळढोक आणि बाकीची बारीक कामं कोरडी, सुईने. या सुईच्या टोकाला खाचा असतात. खाली स्पंज ठेवून लोकरीत सुई खुपसत राहायची, खाचा तंतूंना ओढून आत नेतात. मी ३८ नंबरची वापरली. जितका नंबर मोठा तितकी सुई बारीक. सुई सरळ आत, सरळ बाहेर, तिरकी ओढली की मोडते.

मोडतेच. माझी मोडली. माळढोकाच्या पायात टोक राहिलं, पाव इंचाचंही नसेल. दिव्याखाली धरून, पिळून, चाचपून पाहिलं, सापडेना. अक्का तो पक्षी दोन्ही हातांनी कुरवाळणार होत्या. शेवटी मुलाच्या जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि पानाच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू फिरवलं. तिसऱ्या वेळी टक् झालं. तेव्हापासून प्रत्येक पानावरून चुंबक फिरवल्याशिवाय पान पुरं झालं असं मी मानत नाही. मुलांसाठी करणार असाल तर हे विसरू नका, आणि काम सुरू करताना सुया मोजा, संपवताना पुन्हा मोजा.

---

माणकाठ (सांगोला)

लोकर कुठून आणली ताई?

---

सुईदोरा

वरच्या रंगांसाठी मेरिनो, ऑनलाइन मागवली. भाकरी आणि माळढोकाचा गाभा मात्र आपल्याकडच्या मेंढीचा. मोहोळच्या रस्त्याला धनगरांचा वाडा उतरला होता, तिथून पिशवीभर आणली. धुताना मात्र फजिती झाली. कुसळं निघेनात आणि चोळायला गेले तर लोकर बादलीतच लादी व्हायला लागली.

---

माणकाठ (सांगोला)

आमच्या घरात तीन पिढ्या मेंढरं आहेत, म्हणून थोडं सांगते.

धुताना चोळायचीच नाही. कोमट पाण्यात रिठा किंवा साधा शाम्पू, लोकर जाळीच्या पिशवीत घालून नुसती बुडवून ठेवायची. पाणी बदलायचं, पण धार लोकरीवर सोडायची नाही. गरम पाण्यातून काढून एकदम गार पाण्यात टाकायची नाही. तेल आणि माती आपोआप सुटते. कुसळं वाळल्यावर पिंजताना गळतात. पिंजायला कुत्र्यांचे केस विंचरायचे तारांचे दोन ब्रश आणा, समोरासमोर ओढा.

दुसरं. आपली दख्खनी लोकर राठ असते, घोंगडीची लोकर ती. पण कोकराची पहिली कात्रण, ज्याला आम्ही जावळ म्हणतो, ती मऊ असते. जावळाच्या घोंगडीला म्हणूनच मान. तुमच्या अक्कांच्या गालाला लावतील अशा कामाला जावळ मागा. कोणी धनगर ओळखीचा असेल तर देईल.

आणि हे लोकर लाटण्याचं काम परदेशातून आलेलं आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आमच्याकडे म्हातारी माणसं बुरणूस म्हणायची, न विणता नुसती लोकर लाटून केलेलं जाड अंथरूण. कोल्हापूरकडे जेन म्हणतात.

---

टाकेबाज

बुरणूस! आजोबांच्या तोंडी ऐकलेला शब्द, तो नेमका कशाचा असतो ते आज कळलं. सायबेरियात अल्ताई पर्वतातल्या पाझिरिकच्या थडग्यांत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे नमदे, म्हणजे असंच लाटलेल्या लोकरीचं कापड, बर्फात टिकून सापडले, त्यावर कापून लावलेली रंगीत चित्रं आहेत, नमद्याचेच केलेले हंससुद्धा आहेत. सुईदोराताई, तुमचा माळढोक त्याच गोतावळ्यातला.

कसर मात्र सांभाळा. लोकरीला कसर लागली की सुताचं काहीही होणार नाही आणि भाकरी तेवढी चाळणी होईल. वेखंडाची पुरचुंडी ठेवा, आणि महिन्यातून एकदा पुस्तक उघडून झटका.

---

सुईदोरा

मंडळी, दादांच्या सांगण्याप्रमाणे पट्ट्या घालून अर्धं पुस्तक बांधलं. फुगणं गेलं! पण दुसरीच अडचण आली. पुस्तक जड झालंय आणि अक्कांना पान उलटता येत नाही. त्या पलंगावर पाय लांब करून बसतात. मांडीवर पुस्तक ठेवलं की एक बाजू घसरते, आणि उजव्या हाताने पान धरून डावीकडे नेताना खालची पानं सोबत येतात. मग कोणतं पान कुठे गेलं ते कळत नाही. दोनदा करून पाहिलं आणि पुस्तक बाजूला ठेवलं. काही बोलल्या नाहीत. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

एक गोष्ट बोलल्या. कांडीच्या पानाखालच्या चादरीवर अंगठा घासत होत्या, म्हणाल्या, "हे आडवं लावलंस. ताणा असा जातो." मी बघितलं तर खरंच, तुकडा वाचवायच्या नादात ते पान मी आडवं कापलं होतं. बाकी पानांच्या मानाने ते एकटंच थोडं लोंबतंय, हेही तेव्हा लक्षात आलं. ताणा, म्हणजे कापडाचे लांबीचे धागे, उभा ठेवला की पान ताठ राहतं.

---

जुजबंदी

हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. उलटायचं पुस्तक हे बघणाऱ्याच्या सवयीचं. विचार करतो.

---

धोटा (सोलापूर)

सुईदोराताई, मी माग चालवणाऱ्या घरातला. आमच्याकडे आता इलेक्ट्रॉनिक जेकॉर्ड (मागावर नक्षी काढणारं यंत्र) आहे, पण माळ्यावर जुनी कार्डं अजून ठेवली आहेत, वडिलांनी टाकू दिली नाहीत.

तुम्ही पाहिली असतील. चादरीवरचा मोर किंवा फूल काढायचं तर जाड पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं असतात, एक कार्ड म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. १८०४ साली फ्रान्समध्ये जाकार नावाच्या विणकराने बसवलेली युक्ती, आपण तिला जेकॉर्ड केलं. ही शेकडो कार्डं कशी जोडतात? कण्याला शिवत नाहीत, चिकटवत नाहीत. कडेच्या डोळ्यांतून, म्हणजे भोकांतून, दोरी ओवतात, एका कार्डातून दुसऱ्यात, आणि दोन कार्डांमध्ये थोडी जागा सोडतात. माळ उलगडते, मागावर फिरते, खाली आली की आपोआप नागमोडी घडी पडत जाते. कार्ड कितीही जाड असलं तरी फरक पडत नाही, कारण घडी दोरीत पडते, कार्डात नाही.

तुमची पानं तशी ओवा. अक्का पलंगावर बसून ती माळ मांडीवरून सरकवत नेतील. एक पान डावीकडे गेलं की पुढचं हाताखाली. उलटायचं काहीच नाही. आणि कार्डांची माळ त्यांच्या ओळखीची असणार, आयुष्य त्याच खटखटाटात गेलंय.

---

जुजबंदी

बांधणारा म्हणून मला "हे पुस्तक नव्हे" असं म्हणावंसं वाटतंय, पण धोट्याचं म्हणणं बरोबर आहे. माझी पट्ट्यांची युक्ती मागे घेतो. एक काळजी मात्र घ्या: डोळ्यांवर सगळा ताण येणार. कडेच्या आत बकरमची (कडक अस्तराच्या कापडाची) इंचभर पट्टी घाला, आणि डोळे कडेपासून अर्धा इंच तरी आत पाडा.

---

चिमणीचाखोपा

धातूच्या रिंगा लावल्या तर? चपलांना, बॅगांना लावतात तशा. युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीन असतं.

---

धोटा (सोलापूर)

लागतील. पण लोकरीच्या जाड पानात रिंग नीट दाबली जात नाही, काही दिवसांत फिरायला लागते आणि कड कापते. दोऱ्याने डोळे करा, काजासारखे.

---

सुईदोरा

पंधरा दिवसांनी येतेय. झालं.

सगळं उसवलं. जोडपानं कापून सुटी पानं केली, आडवं कापलेलं पान नव्याने उभं कापलं. कडांना बकरम घातली. एका बाजूला चार डोळे, दुसऱ्या बाजूला चार. डोळा करताना आधी आरीने भोक पाडलं, कात्रीने नाही, म्हणजे सूत तुटत नाही, नुसतं बाजूला सरतं. मग भोकाभोवती बारीक धावदोरा, आणि त्यावरून काजटाका, टाक्याला टाका लागून. लच्छीचे तीन पदर. पहिला डोळा करायला पाऊण तास लागला, शेवटचा वीस मिनिटांत.

दोरी कशाची करावी हा प्रश्न होता. बाजारातली नायलॉनची घसरते. शेवटी त्याच चादरींच्या दशा सोडवल्या, त्याचं सूत चार पदरी करून पीळ दिला, मेण लावलं. दोन पानांत पाऊण इंच जागा. भाकरीच्या पानाजवळ एक इंच, कारण ती सगळ्यात जाड.

माणकाठताईंनी सांगितल्यावर ओळखीतून मूठभर जावळ मिळालं. त्यातून एक नवं पान केलं, नुसतं कोकरू, पाय दुमडून बसलेलं.

परवा संध्याकाळी घेऊन गेले. अक्कांनी पहिलं पान हातात घेतलं, मग बोटं कडेला गेली, डोळे मोजले, दोरीवरून पुढच्या पानावर गेली. थांबल्या. "कार्डं ओवलीस?" असं विचारलं. मी हो म्हटलं. मग स्वतःच माळ ओढून घेतली, शेवटपर्यंत, आणि नागमोडी घडी घालून मांडीवर रचली. मला कसं रचायचं ते दाखवावं लागलं नाही. कांडी खिशातून काढली, सूत नखाने तपासलं, म्हणाल्या, सैल भरलंय. तिथल्या तिथे उलगडून परत भरलं.

बाराबंदीचे बंद सगळे सोडले आणि सगळे बांधले. त्याला बराच वेळ लागला. मी चहा करून आणला तेव्हा पाचवी जोडी चालली होती.

---

माणकाठ (सांगोला)

वाचून डोळे भरले. कोकराचं काय म्हणाल्या?

---

सुईदोरा

कोकरू गालाला लावलं, खूप वेळ. काही म्हणाल्या नाहीत.

आज सकाळी गेले तर माळेतली दोन पानं जागेवर नव्हती. अक्कांनी रात्री दोरी सोडून क्रम बदलला होता. भाकरी सगळ्यात आधी, मग कांडी, आणि कोकरू माळेतून काढून उशीखाली. दोरीच्या गाठी माझ्यापेक्षा नीट.

---

चिमणीचाखोपा

ताई, मी पण ओवूनच करते मुलांसाठी, एखादं पान मळलं तर तेवढंच काढून धुता येईल. डोळे तीन पुरतील का, की चारच हवेत? पानं सहा इंचांची असतील.

---

सुईदोरा

सहा इंचांना तीन पुरे. पण मधला डोळा बरोबर मध्यावर घ्या, नाहीतर पान तिरकं लोंबतं. मुलांच्या पुस्तकाला दोरी लांब सोडू नका, टोकं आत शिवून टाका, आणि बटणं नकोत, ती तोंडात जातात. बंद ठेवा, आखूड.